न वापरलेल्या विजेचा हिशेब

अण्णा २००४च्या जानेवारीत आमच्याकडे आले ते नातीचं तोंड बघायला. व्हरमाँटमधलं बॅरी हे आमचं गाव, ग्रॅनाइटच्या खाणींचं. बाहेर पारा उणे पंचवीसच्या आसपास होता, म्हणून अण्णांचं फिरणं घरातल्या घरात. नाशिकला वीज मंडळाच्या बिलिंग विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा नीट वाचली ती वस्तू म्हणजे आमच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेलं विजेचं बिल. चष्मा लावून, बोट फिरवत, एकेक ओळ. एका ओळीपाशी ते थांबले. तिथं लिहिलं होतं, एनर्जी एफिशियन्सी चार्ज.

"हे काय गं?"

मी समजावलं. राज्यातला प्रत्येक ग्राहक वापरलेल्या विजेवर थोडे पैसे जास्त देतो. त्यातून लोकांना कमी विजेचे दिवे, फ्रिज, मोटारी घ्यायला मदत होते, दुकानदारांना, शेतकऱ्यांना सल्ला मिळतो. विजेची मागणीच कमी झाली की नवं वीजकेंद्र बांधावं लागत नाही. ही कल्पना चांगली की वाईट यावर अण्णांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो?"

मग स्वतःच पुढे म्हणाले, "आपल्याकडे बघ. स्थिर आकार, वीज आकार, इंधन आकार, हे मंडळाचं. वीज शुल्क हे सरकारचं. आपण फक्त गोळा करून द्यायचं. आकार म्हणजे मंडळ, शुल्क म्हणजे सरकार. हा तिसरा कोणाचा?"

मी तेव्हा घरांची ऊर्जा-तपासणी करणाऱ्या एका लहान कंत्राटदाराकडे कामाला होते. लोकांच्या तळघरांत आणि पोटमाळ्यांत सरपटत जाऊन फटी शोधायच्या, हे माझं काम. माझ्या पगारातला काही भाग याच ओळीतून येत होता, तरी अण्णांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला देता आलं नाही. ते मी नंतर शोधत गेले, आणि शोधताना कळलं की गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत विजेच्या बचतीचं जे बरंवाईट झालं, त्यातलं बरंचसं याच एका प्रश्नापाशी येऊन ठरलं आहे.

सुरुवात १९७३च्या तेलटंचाईपासून करावी लागते. त्याआधी वीज कंपन्यांचा धंदा सरळ होता. जितकी जास्त वीज विकावी तितकी मोठी केंद्रं बांधता येत, आणि मोठ्या केंद्रातली वीज स्वस्त पडत असे. तेल महागलं, पाठोपाठ व्याजदर चढले, अणुकेंद्रांचे खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेले, आणि ते गणित उलटं फिरलं. १९७८ साली अमेरिकेच्या संसदेनं मोठ्या वीज आणि गॅस कंपन्यांना बंधन घातलं की ग्राहकानं मागितलं तर त्याच्या घराची तपासणी करून द्यायची. तपासनीस येई, कागद देऊन जाई. कागदानं भिंत उबदार होत नाही. तपासणी करून घेतलेल्या बहुतेकांनी पुढं फारसं काही केलं नाही. मी या कामात आले तेव्हा जुने सहकारी त्या कागदांबद्दल हळहळून बोलत.

खरा धडा वायव्येकडून आला. वॉशिंग्टन राज्यातल्या सार्वजनिक वीजसंस्थांनी एकत्र येऊन पाच अणुकेंद्रं बांधायला घेतली होती. मागणी वाढतच जाणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं. ती तशी वाढली नाही. १९८३च्या उन्हाळ्यात चौथ्या आणि पाचव्या केंद्रासाठी काढलेले सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. त्या काळापर्यंतची अमेरिकेतली नगररोख्यांची ती सगळ्यात मोठी बुडीत. पाचांपैकी एकच केंद्र पुरं झालं. आयुष्यभराची पुंजी त्या रोख्यांत घातलेली म्हातारी माणसं होती, हे मला नेहमी आठवतं. चुकीच्या अंदाजाची किंमत शेवटी कोणीतरी पेन्शनीतून भरतं.

त्या आधीच, १९८० साली, वायव्येसाठी एक कायदा झाला होता. त्यात पहिल्यांदा असं लिहिलं गेलं की वाचवलेली वीज हाही विजेचा एक स्रोत आहे, धरण किंवा कोळशाच्या केंद्रासारखाच, आणि निवड करायची वेळ आली तर आधी बचतीकडे बघायचं. हिशेबात बचतीला दहा टक्क्यांची सवलतही दिली. कायद्यात लिहिणं एक आणि ती वीज खरोखर मिळणं दुसरं. म्हणून ओरेगनमध्ये कोलंबिया नदीकाठी, नासपती आणि सफरचंदांच्या बागांमधल्या हूड रिव्हर या भागात एक प्रयोग झाला. पर्यावरणवाद्यांनी तो सुचवला, केंद्र सरकारच्या बॉनव्हिल वीज प्रशासनानं पैसे दिले, आणि तिथल्या वीज कंपनीनं तो राबवला. खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. प्रश्न साधा होता. विजेवर तापणाऱ्या घरांना सगळं फुकट करून दिलं, माळ्यावर जाड थर, खिडक्यांना जादा काचा, दारांच्या कडांना पट्ट्या, तर किती लोक हो म्हणतील? पात्र घरांपैकी पंच्याऐंशी टक्के घरांनी हो म्हटलं. जवळपास तीन हजार घरं झाली. शेजारणीनं शेजारणीला सांगितलं, आणि त्यावरच बरंचसं काम झालं.

बचत मात्र अंदाजापेक्षा कमी भरली. विजेचे दर वाढल्यापासून लोकांनी आधीच हीटर कमी करून लाकडाच्या शेगड्या पेटवायला सुरुवात केली होती. जी वीज ते वापरतच नव्हते ती वाचणार कशी? मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. गरीब माणूस घर तापवत नाही, कुडकुडत बसतो, तेही कागदावर बचतच दिसतं. फटी बुजवल्यावर तो घर जरा जास्त तापवतो. वीज तेवढीच लागते, पण मुलाच्या नाकाचं पाणी थांबतं. मीटर हे मोजत नाही.

१९८० आणि ९०च्या दशकांत बचतीचा पैसा वीज कंपन्यांच्याच हातात होता. राज्याचा वीज नियामक आयोग परवानगी देई, कंपनी खर्च करी आणि तो दरात मिळवून वसूल करी. ग्राहकाला बिलावर वेगळं काही दिसत नसे. पण ज्याचं पोट दूध विकून भरतं, त्या गवळ्यालाच दूध कमी प्या म्हणून सांगायला दारोदार पाठवायचं, अशातला हा प्रकार. यावर काही राज्यांनी उपाय काढले. कॅलिफोर्नियानं १९८२पासून कंपनीचं उत्पन्न आणि विकलेले युनिट यांची गाठ सोडवली. वीज कमी विकली गेली तरी ठरलेला खर्च भागेल अशी सोय केली. न्यू इंग्लंडमध्ये पर्यावरणवादी आणि कंपन्या एका टेबलाशी बसले आणि वाचलेल्या पैशातला थोडा वाटा कंपनीला बक्षीस म्हणून देऊ लागले. कोलोरॅडोच्या एका सरकारी अहवालात मेगावॉटच्या जागी चुकून नेगावॉट छापलं गेलं, आणि ऊर्जातज्ज्ञ ॲमरी लोव्हिन्स यांनी ती चूक उचलून न वापरलेल्या विजेचं नाव करून टाकलं. १९९३-९४च्या सुमारास अमेरिकेतल्या वीज कंपन्या अशा कामांवर वर्षाला अडीच अब्ज डॉलरहून जास्त खर्च करत होत्या.

मग स्पर्धा आली. १९९६ साली केंद्रीय नियामकानं वीजवाहिन्यांचं जाळं सगळ्या उत्पादकांना खुलं करण्याचा आदेश काढला, आणि पाठोपाठ राज्यं ग्राहकाला आपला वीजपुरवठादार निवडू देऊ लागली. ज्या कंपनीच्या दरात शेजाऱ्याच्या फ्रिजच्या सवलतीचा खर्च मिळवलेला असेल, तिच्याकडून कोण वीज घेणार? कायदा हातात येण्याआधीच कंपन्यांनी बचतीला कात्री लावली. १९९८पर्यंत खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. मी ज्या जुन्या सहकाऱ्यांबरोबर काम केलं, त्यांतल्या दोघांच्या नोकऱ्या याच कात्रीत गेल्या होत्या.

तेव्हा काही माणसांना एक गोष्ट सुचली, आणि मी ती सुचण्याला आजही मनोमन नमस्कार करते. वीज कोणाकडूनही घ्या, ती शेवटी त्याच खांबांवरून, त्याच तारांवरून घरात येते. तार बदलता येत नाही. मग बचतीचा पैसा विजेवर न लावता तारेवर लावायचा. रस्त्यावरून कोणाचीही गाडी जावो, नाक्यावर तेवढंच द्यायचं. यातून कोणाची सुटका नाही आणि कोणी स्पर्धेत मागेही पडत नाही. १९९६च्या उन्हाळ्यात ऱ्होड आयलंड या सगळ्यात लहान राज्यानं हे पहिल्यांदा कायद्यात घातलं. युनिटमागे २.३ मिल. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हणजे पै," ते म्हणाले. एकशे ब्याण्णव पैंचा रुपया त्यांनी लहानपणी वापरला होता. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या आयोगानं आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तोच मार्ग धरला, पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सनं, १९९८ साली कनेक्टिकटनं तीन मिलनं.

व्हरमाँटनं मात्र वीजबाजार खुला केलाच नाही, तरीही इथं ती ओळ आली. कारण वेगळं होतं. सहा-साडेसहा लाख वस्तीचं हे राज्य, आणि त्यात वीसहून जास्त वीजसंस्था. काही गावच्या, काही सहकारी, काही कंपन्यांच्या. बचतीची जबाबदारी प्रत्येकीवर. एका डोंगराच्या अलीकडच्या गोठेवाल्याला दूध थंड करायच्या यंत्रावर सवलत मिळे, पलीकडच्याला नाही, कारण तो वेगळ्या संस्थेचा ग्राहक. राज्याच्या सेवा विभागानं १९९७ साली प्रस्ताव मांडला की हे सगळं एका हाती द्या. १९९९ साली विधिमंडळानं तसा अधिकार दिला, सप्टेंबरच्या शेवटी सार्वजनिक सेवा मंडळानं आदेश काढला आणि मार्च २०००मध्ये एफिशियन्सी व्हरमाँट या नावानं काम सुरू झालं. वीज विकणारी कंपनी असते तशी ही वीज वाचवणारी कंपनी. देशातली अशी पहिली. स्पर्धेतून ते कंत्राट मिळवलं ते बेथ सॅक्स आणि ब्लेअर हॅमिल्टन यांनी १९८६ साली उभारलेल्या एका बिगरनफा संस्थेनं. बर्लिंग्टन शहर वेगळं राहिलं. तिथली वीज नगरपालिकेची, आणि १९९० सालीच तिथल्या मतदारांनी बचतीसाठी एक कोटी तेरा लाख डॉलरचे रोखे मंजूर केले होते. लोकांनी आपण होऊन, मतपेटीतून, कर्ज काढलं ते वीज कमी वापरण्यासाठी. पंचवीस-तीस वर्षांनी त्या शहराचा वीजवापर १९८९पेक्षा कमी होता, मधल्या काळात शहर वाढलं तरी.

अण्णांचा प्रश्न माझ्या डोक्यात होताच. त्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांना माझं काम दाखवायचं म्हणून कंत्राटदाराकडून ब्लोअर डोअर घरी आणलं. बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापड ताणून बसवायचं, त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, आतला दाब ५० पास्कलनं उतरतो आणि घराच्या प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत शिरू लागते. फट शोधायला धूर लागतो. त्यासाठी खास नळ्या मिळतात, पण त्या संपल्या होत्या. अण्णांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवली. ती हातात धरून ते खोलीखोलीतून फिरले. स्वयंपाकघरात धूर सरळ वर गेला. माळ्याच्या झाकणाखाली तो एकदम आडवा झाला. मग तळघरात, दगडी पाया आणि लाकडी चौकट जिथं मिळते त्या कडेला, धूर असा पळाला की अण्णांनी हात मागे घेतला. "इथून तर सगळा डॉलर बाहेर चाललाय," ते म्हणाले. दुपारभर आम्ही दोघांनी त्या कडेत फोम भरला. ते बाहेरच्या थंडीला भीत होते ते त्या दिवसापासून भ्यायचे थांबले. निदान ती कुठून येते हे त्यांना कळलं होतं.

सोमवारी मी कामावर विचारपूस केली आणि संध्याकाळी त्यांना उत्तर दिलं. पैसा वीजसंस्था गोळा करतात, पण त्यांच्याकडे राहत नाही. राज्याच्या तिजोरीतही जात नाही. एफिशियन्सी व्हरमाँटच्या हातातही थेट पडत नाही. सार्वजनिक सेवा मंडळानं नेमलेला एक स्वतंत्र हिशेबनीस तो सांभाळतो आणि मंडळाच्या आदेशाप्रमाणे बिलं चुकती करतो. वाचलेले युनिट खरे की कागदावरचे, हे राज्याचा सेवा विभाग तपासतो. काम करणाऱ्या संस्थेच्या मोबदल्यातला काही भाग अडवून ठेवलेला असतो, आणि ठरलेली बचत सिद्ध झाली तरच तो मिळतो.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "देवस्थानासारखं आहे. पूजा करणारा वेगळा, दानपेटी फिरवणारा वेगळा, किल्ली तिसऱ्याकडे. म्हणूनच चाललंय."

किल्ली कुठे असावी, हे इतर राज्यांना नुकसान सोसून शिकावं लागलं. विस्कॉन्सिननं १९९९ साली असाच निधी काढला, पण पैसा राज्य सरकारच्या प्रशासन विभागाकडे ठेवला. अंदाजपत्रकात तूट आली की हात तिकडे जायचा. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. ज्या दुकानदाराला सवलतीचं पत्र गेलं होतं त्याला पैसे संपल्याचं पत्र जाई. शेवटी २००६ साली कायदा बदलला. आता वीज कंपन्यांनी उत्पन्नाच्या १.२ टक्के बाजूला काढून ते थेट कार्यक्रम चालवणाऱ्याला द्यायचे, राज्याच्या तिजोरीतून ते जायचेच नाहीत. ओरेगननं हे सुरुवातीलाच ओळखलं. दोन मोठ्या कंपन्यांच्या ग्राहकांकडून तीन टक्के घ्यायचे, त्यातला एक भाग शाळांना, एक भाग गरिबांच्या घरांना असं कायद्यातच वाटून टाकलं, आणि मोठा हिस्सा मार्च २००२पासून एका स्वतंत्र बिगरनफा न्यासाकडे दिला.

कनेक्टिकटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. तिथं २००३च्या तुटीत निधीतून पैसे उचलले गेले, आणि २०१७ साली पुन्हा, दोन वर्षांसाठी दरवर्षी सहा कोटी पस्तीस लाख डॉलर. बिलावरची ओळ तशीच राहिली. लोक तेवढेच पैसे देत राहिले, फक्त ते दुसरीकडे गेले. काही ग्राहक, कंत्राटदार आणि पर्यावरण संस्था केंद्रीय न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की आम्ही हा पैसा एका कामासाठी दिला, तो करार आहे. २०१८ साली न्यायालयानं ते मान्य केलं नाही, २०२० साली वरच्या न्यायालयानंही नाही. हा पैसा त्याच कामाला लागेल असा करार ग्राहकाशी झालेला नाही, असा त्याचा मथितार्थ. मी वकील नाही. पण मी लोकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना सांगितलं आहे की ही ओळ म्हणजे तुम्ही आणि तुमचे शेजारी मिळून बांधत असलेलं वीजकेंद्र. तसं सांगणाऱ्या कनेक्टिकटमधल्या माझ्यासारख्या बायाबापड्यांनी त्या वर्षी लोकांकडे कोणत्या तोंडानं बघितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अण्णा परत गेले. दीड-दोन वर्षांनी त्यांचा फोन आला तो आवाज चढवूनच. महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस होते. नाशिकला अंधार होता. "अगं, आपल्याकडेही आलं!" नाशिकमध्ये वितरण कंपनीनं सीएफएल दिव्यांची प्रायोगिक योजना काढली होती. दिवा घ्यायचा आणि त्याचे पैसे बिलातून हप्त्यानं फेडायचे. राज्याच्या वीज नियामक आयोगानं त्या काळात लोड मॅनेजमेंट चार्जही लावला होता. जो वापर कमी करणार नाही त्याला आकार, जो कमी करील त्याला सूट. अण्णांनी दोन दिवे घेतले, एक देवघरात आणि एक जिन्यात लावला, आणि हप्ता बिलात नीट छापून आला की नाही हे दर महिन्याला तपासलं. पुण्याच्या प्रयास संस्थेत गिरीश संत आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सांगत होते की नवं केंद्र बांधण्याआधी बचतीचा विचार करा. आयोगानं २०१०मध्ये त्यासाठी नियमच केले. पण तिथं वेगळी ओळ आली नाही. बचतीचा खर्च कंपनीच्या एकूण खर्चात मिसळला आणि दरातून वसूल झाला. अण्णांना ते पटलं नाही. ते म्हणत, जे बिलावर दिसत नाही त्याचा जाब कोण विचारणार? व्हरमाँटला निदान विचारता येतं. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण दिसणाऱ्या ओळीवर डोळा ठेवणारेही असतात, हे कनेक्टिकटनं दाखवलंच आहे.

व्हरमाँटमध्ये दरम्यान कामाचा विस्तार होत गेला. खर्चावरची वर्षाला एक कोटी पंच्याहत्तर लाख डॉलरची कायदेशीर मर्यादा २००५ साली निघाली. २००८च्या फेब्रुवारीत न्यू इंग्लंडच्या वीजजाळ्याच्या संचालकांनी भविष्यातल्या क्षमतेचा पहिला लिलाव केला, आणि त्यात वीजकेंद्रांच्या रांगेत बचतही बोली लावायला उभी राहिली. माझ्यासारख्यांनी बदललेले दिवे, काढून नेलेले जुने फ्रिज, यांचा आकडा करून तो केंद्रासारखा विकला गेला. आलेला पैसा एका जुन्या अडचणीवर कामी आला. इथली बहुतेक घरं तेलावर किंवा गॅसवर तापतात, आणि विजेच्या बिलातून आलेल्या पैशानं तेलाच्या घराच्या भिंती भरता येत नसत. एका आजीबाईंच्या घरी दिवे बदलून मी परत निघाले होते, आणि त्यांच्या खिडकीचा पडदा बंद खिडकीत हलत होता. त्या पडद्याला माझ्या अर्जात जागा नव्हती. पुढे लिलावाचे आणि कार्बन-परवान्यांच्या विक्रीचे पैसे या कामाला लागले, तेव्हा मी त्यांच्याकडे परत गेले आणि भिंतीत जुन्या वर्तमानपत्रांचा केलेला भुगा भरून घेतला.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या कपाटात बिलांच्या फायली वर्षवार लावलेल्या सापडल्या, आणि २००४च्या फायलीत आमच्या बॅरीच्या बिलाची झेरॉक्स.

२०२३च्या जुलैत बॅरीला पूर आला. गावाच्या मधोमध, तळघरांत छताला टेकेपर्यंत पाणी. पाणी तापवायच्या टाक्या, भट्ट्या, वीजपेट्या सगळं गाळात. पूरग्रस्तांना नवी यंत्रं घ्यायला एफिशियन्सी व्हरमाँटनं खास सवलती दिल्या, आणि मी घरोघर जाऊन अर्ज भरून देत होते. एका जुन्या लाकडी घराच्या तळमजल्यावर एक भाडेकरू बाई राहत होत्या. त्यांनी ओले कागद दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले होते. त्यांत विजेची बिलं होती. एक बिल काढून त्यांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. अकरा वर्षं मी हे भरते आहे, त्या म्हणाल्या, यातलं माझ्या वाट्याला काय आलं?

टाकी घरमालकाची, भट्टी मालकाची, खिडक्या मालकाच्या. सवलत यंत्र घेणाऱ्याला मिळते. विजेचं बिल मात्र बाईंच्या नावावर. पैसा कोणाच्या तिजोरीत जातो, याचं उत्तर माझ्याकडे वीस वर्षं तयार होतं. तो कोणाच्या दारात परत येतो, या प्रश्नाला मी तेवढ्या ठामपणे कधी भिडले नव्हते. दिवे त्यांना मिळाले होते, तेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो आणि हाती लागलेल्या बिलांवरून बेरीज केली. महिन्याला चार-पाच डॉलर. अकरा वर्षांचे सहाशेहून थोडे जास्त. त्यांनी तो आकडा एका बिलाच्या पाठीवर लिहिला, खाली दोनदा रेघ मारली आणि तो कागद माझ्या हातात दिला. "मालकाला फोन लावा," त्या म्हणाल्या. "नवी टाकी बसवा म्हणावं, चांगली, कमी वीज खाणारी. तिचे एवढे पैसे मी आधीच दिलेत."

मी फोन लावला.